स्केल मॉडेल मोटारी आणि ट्रक : बेळगाव सीमाभागातल्या हौशींचे नेहमीचे प्रश्न

कुणी प्लास्टिकचं किट जोडतो, कुणी तयार डायकास्ट (ओतीव धातूची) गाडी खोलून बदलतो, कुणाला जपानी किटमधून आपल्या रस्त्यावरची गाडी काढायची असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत. रंगावर जास्त लिहिलं आहे, कारण मॉडेलं बिघडतात ती बहुतेक तिथेच.

पहिलं किट कुठल्या स्केलचं घ्यावं?

मोटार असेल तर १/२४. खऱ्या गाडीचं माप २४ ने भागलं की मॉडेलचं माप निघतं. मारुती ८०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २१७५ मि.मी., मॉडेलमध्ये ९०.६. अँबेसडरचा २४६४, मॉडेलमध्ये १०२.७. तामिया, फुजिमी, आओशिमा, हासेगावा या जपानी कंपन्या मोटारी मुख्यतः १/२४ मध्ये काढतात. एएमटी आणि रेव्हेलची अमेरिकन गाड्यांची बरीच किट १/२५ ची असतात. शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांत भरत नाही, पण एकाचं इंजिन किंवा चाकं दुसऱ्यात बसवताना ही चार टक्क्यांची तफावत आडवी येते.

पहिल्याच फटक्याला ट्रक घेऊ नये. चेसिस, ॲक्सल, टाक्या, केबिन असा भागांचा ढीग असतो आणि दहा मीटरची गाडी १/२४ मध्ये ४१-४२ सें.मी. होते. घरातलं कपाट आधी मोजा.

हत्यारं बाहेरून मागवावी लागतात का?

थोडीच. सर्जिकल ब्लेड ११ नंबर आणि हँडल ३ नंबर औषधाच्या दुकानात मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला सपाट तोंडाचा साइड कटर, टोकदार चिमटा, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर आणि मापाला एक व्हर्नियर एवढ्यावर काम सुरू होतं. मागवायची वस्तू एकच, पातळ मॉडेल सिमेंट.

भाग स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या दांड्यांना जोडलेले येतात त्यावरून) तोडताना कटर भागाला टेकवू नका. दोन मि.मी. दांडा ठेवून तोडा आणि उरलेलं ब्लेडने तासा. एकदम तोडलं तर प्लास्टिक आत ओढलं जाऊन पांढरा खड्डा पडतो.

फेविक्विकने सगळं चिकटवलं तर काय बिघडतं?

किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन असतं. मॉडेल सिमेंट ते किंचित विरघळवतं आणि दोन भाग एकजीव होतात. फेविक्विक फक्त वरून धरून ठेवतं. धक्का बसला की सांधा कडकन सुटतो. शिवाय त्याच्या वाफेने काचांवर पांढरट धुकं बसतं. म्हणून काचांना फेविकॉल: टाचणीच्या टोकाने कडेला लावायचा, सुकल्यावर पारदर्शक होतो आणि सांडलेला ओल्या कापसाने पुसता येतो. धातू आणि प्लास्टिकच्या जोडाला अराल्डाइट.

पातळ सिमेंट भाग जोडून धरल्यावर फटीच्या तोंडाशी ब्रशने लावायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. बोट फटीवर असेल तर बोटाखालीही जातं आणि ठसा कायमचा उमटतो. बॉडीवरचा सांधा आठवडाभर तसाच राहू द्या. दुसऱ्याच दिवशी घासून रंगवला तर आतलं सिमेंट पुढे सुकत राहतं, सांधा खचतो आणि चकचकीत रंगाखाली रेघ वर येते.

रंगाआधी बॉडीवर काय काय करायचं?

भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवा, साच्याचं तेल जातं. मग साच्याच्या रेघा शोधा. त्या बहुतेक गाड्यांत पुढच्या मडगार्डवरून छताच्या कडेने मागे डिकीपर्यंत जातात. ६०० च्या ओल्या पेपरने काढा, वर ८०० फिरवा. दरवाजाच्या आणि बॉनेटच्या खाचा ब्लेडच्या पाठीने एक-दोनदा ओढून खोल करा, नाहीतर प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून त्या भरून टाकतात. खड्ड्यांना गॅरेजवाल्यांची हार्डनरवाली लांबी चालते, पण पातळ थरात. जाड गोळा लावला तर सुकताना गरम होतो आणि पातळ पत्रा वाकतो.

किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि रंग पांढरा किंवा पिवळा द्यायचा असेल तर प्रायमरवर चंदेरीचा एक थर द्या. तो नसेल तर लाल रंग हळूहळू वर झिरपतो आणि गाडी गुलाबी होते.

पावसाळ्यात रंगकाम बंदच ठेवायचं का?

जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटी भागात आणि बेळगाव शहरातही हवेतला ओलावा दिवसचे दिवस उतरत नाही. लॅकरचा (झटपट सुकणाऱ्या रंगाचा) थिनर उडताना पृष्ठभाग गार करतो, त्या गारव्यावर हवेतलं पाणी जमतं आणि चकचकीत रंग दुधाळ होतो. पंधरावीस रुपये वाचवायला घेतलेल्या जलद सुकणाऱ्या थिनरने हे जास्त होतं, कारण तो जितका पटकन उडतो तितका जास्त गारवा करतो.

हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर घ्या, स्वस्त असतो. ७० टक्क्यांच्या वर काटा असेल तर लॅकर आणि क्लिअर मारू नका. ब्रशची कामं, इंजिन, सीट, चेसिस उरका. अगदी मारायचंच असेल तर दुपारी, उघडीप असताना, थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रव्य) घालून. दुधाळ झालेला रंग लगेच घासायला घेऊ नये. हवा कोरडी झाली की नुसत्या रिटार्डरमिश्रित थिनरची धूसर फवारणी केली तरी बहुतेक वेळा चमक परत येते.

सुकवायला पत्र्याचा डबा आणि ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब पुरतो. आत थर्मामीटर ठेवा आणि ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. त्यापुढे छत आणि खिडक्यांचे बारीक खांब वाकू लागतात. बल्ब बॉडीच्या थेट वर नको, बाजूला हवा.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये धूळ, म्हणून फरशीवर पाणी शिंपडून सकाळी लवकर मारावं. आणि वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिवा लावून क्लिअर मारणाऱ्याने पंखवाल्या वाळवीचा हिशोब आधीच धरलेला बरा.

गाडीच्या पेंटच्या दुकानातला रंग आणि थिनर मॉडेलवर चालतो का?

रंग चालतो, थिनर जपून. एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर उघड्या पॉलिस्टायरीनवर पडला की पृष्ठभाग चुरगळल्यासारखा होतो आणि बारीक चिरा पडतात. आधी मॉडेलसाठीचा प्रायमर, म्हणजे मिस्टर सरफेसर १००० किंवा तामियाचा स्प्रे, दोन पातळ थरांत. तो पूर्ण सुकल्यावर रंग धुक्यासारखा लांबून मारायचा, ओला थर पहिल्यांदा कधीच नाही. आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून पाहा, पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

या दुकानांचा मोठा फायदा म्हणजे कोड सांगितला की खऱ्या गाडीचाच रंग मिळतो. पण मेटॅलिकचे कण मॉडेलवर मोठे दिसतात. त्यांच्यात सगळ्यांत बारीक कणाचा शेड मागा.

एअरब्रशचं सेटिंग?

०.३ चं नोझल, १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ, अंतर १० ते १५ सें.मी. प्रायमर आणि क्लिअरला ०.५ बरं. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, आपल्याकडे तर बाराही महिने. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा आला तर रंग जाड आहे किंवा तुम्ही लांबून मारताय. थेंब वाटेतच सुकतात.

टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून वापरायचा, दोन भागांचा) घरी मारावा का?

चमक त्याच्याइतकी दुसऱ्या कशाला येत नाही, आणि धोकाही त्यातच. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. कापडी मास्क किंवा रुमाल त्याला काही अडवत नाही; सेंद्रिय वाफांच्या काडतुसांचा रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा लागते. घरात लहान मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर हा विषय सोडून द्या, किंवा ओळखीच्या ड्यूको पेंटरच्या बूथमध्ये त्याच्या गाडीबरोबर तुमची बॉडी मारून घ्या.

प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच, अंदाजाने नाही. २:१ असेल तर सिरिंजने १० मि.ली. क्लिअर आणि ५ मि.ली. हार्डनर, एवढ्यात १/२४ ची एक बॉडी निघते. पहिला थर धूसर, दहा मिनिटांनी दुसरा ओला. तिसऱ्याचा मोह टाळा, खाचा बुजतात.

रंग बिघडला, काढायचा कसा?

ॲक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंवा न मिसळलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर. डेटॉलमध्ये सुटलेला रंग खरवडून काढेपर्यंत त्याला पाणी लावू नका, सगळं चिकट डिंकासारखं होतं. इनॅमलला ब्रेक ऑइल, हातमोजे घालून. एनसी थिनर आणि पेट्रोल अजिबात नको. किटच्या भागांवरचा क्रोम मात्र घरगुती ब्लीचमध्ये अर्ध्या तासात निघतो.

जिम्नीच्या किटमधून मारुती जिप्सी होते का?

होते, आणि देशी गाडी करायची ही सगळ्यांत सरळ वाट आहे. हासेगावाची १/२४ जिम्नी जेए११ घ्या. जपानी गाडी असल्यामुळे स्टीअरिंग उजवीकडेच आहे. जेए११ चा व्हीलबेस २०३० मि.मी., जिप्सीचा २३७५. फरक ३४५, म्हणजे मॉडेलमध्ये १४.४ मि.मी.

हा वाढावा दरवाजाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या कमानीच्या पुढे येतो. तिथे मास्किंग टेपची सरळ कड लावून बारीक करवतीने बॉडी काटकोनात कापा. करवतीची जाडीही प्लास्टिक खाते, ती मोजून वाढाव्यात धरा. मधला तुकडा १ मि.मी. स्टायरीन शीटचा, आणि आतून दोन्ही बाजूंना ५ मि.मी. जाणारी ०.५ मि.मी. ची पट्टी आधाराला. आधी पट्टी एका बाजूला चिकटवून एक दिवस सुकू द्यायची, मग दुसरा अर्धा भाग काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ठेवून सरळ रेषेत जोडायचा. दोन्ही सांधे एकाच बैठकीत केले तर बॉडी पिळते आणि शेवटी तीनच चाकं टेकतात.

चेसिसही तेवढीच वाढवा, आत पितळी तार घालून. मागचा प्रोपेलर शाफ्ट विसरू नका. बॉडी वाढलेली आणि शाफ्ट गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही, अशी मॉडेलं बरीच दिसतात.

मग रुंदी. जेए११ १३९५ मि.मी., जिप्सी १५४०. १/२४ मध्ये एकूण ६ मि.मी. हा फरक बॉडीच्या पत्र्यात नाही, रुंद ॲक्सल आणि चाकांवरच्या कमानींत आहे. म्हणून प्रत्येक बाजूला ३ मि.मी. ॲक्सल वाढवून कमानी शीटच्या थरांनी बांधाव्यात. मागचा ओव्हरहँग, म्हणजे मागच्या चाकाच्या मागे येणारा भाग, तोही वाढतो. त्याचं माप बाजूने लांबून, झूम करून काढलेल्या फोटोवरून घ्या: फोटोतला व्हीलबेस २३७५ धरायचा आणि बाकी सगळं त्या प्रमाणात. जवळून मोबाईलवर काढलेला फोटो मापाला निरुपयोगी, त्यात कडा ताणल्या जातात.

कापडी हूडला टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेविकॉल. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने लष्करी जिप्सी इथल्या लोकांना पाठ आहे. कमान चुकली तर पाहणारा पहिल्या नजरेत सांगतो. संदर्भासाठी कॅम्प भागात लष्करी गाड्यांचे फोटो काढत फिरू नका, खासगी जिप्सी भरपूर आहेत.

आणि महिंद्राची जीप?

विलीस एमबीच्या (महायुद्धातल्या अमेरिकन जीपच्या) किटचा व्हीलबेस ८० इंचांचा, महिंद्राने काढलेल्या सीजे-३बी चाही तोच. त्यामुळे चेसिस तशीच वापरता येते. बॉनेट मात्र उंच करावं लागतं, कारण खऱ्या गाडीत हरिकेन इंजिन उंच होतं. ग्रिल आणि बॉनेटची बाजू वाढवली, काच तेवढी बुटकी केली, स्टीअरिंग उजवीकडे नेलं की जीप ओळखीची दिसते. लांब महिंद्रा ९१ इंचांची, ती वेगळी भानगड.

टाटाच्या जुन्या ट्रकची चाकं कुठून आणायची?

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथला तोटा नाही. ९.००-२० टायरचा बाहेरचा व्यास सुमारे १०१८ मि.मी., मॉडेलमध्ये ४२.४, रिम २० इंच, म्हणजे २१.२. कागदावर व्यास, रुंदी, मधला खोलगट भाग आणि ॲक्सलचं भोक एवढं मि.मी. मध्ये लिहून द्या. “खऱ्यासारखं करा” म्हटलं की कारागीर स्वतःच्या अंदाजाने करतो, आणि तो बिचारा काय करणार? एक रिम करायला सांगू नका, सेटिंगचा वेळ दहालाही तेवढाच लागतो. तीन-चार जणांनी मिळून ऑर्डर द्या आणि ॲल्युमिनियमचे उरलेले तुकडे वापरायला सांगा. भोक ०.१ मि.मी. सैल ठेवा. घट्ट ठेवलं तर ॲक्सल दाबून बसवताना प्लास्टिक चिरतं.

नंबर प्लेट आणि ट्रकवरची अक्षरं कशी करायची?

मोठी प्लेट ५०० × १२० मि.मी., म्हणजे २०.८ × ५. चौकोनी ३४० × २००, म्हणजे १४.२ × ८.३. बेळगाव केए २२, चिकोडी केए २३, बैलहोंगल केए २४, गोकाक केए ४९, आणि पलीकडे कोल्हापूर एमएच ०९. खासगीला पांढरी, भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी. नंबर कुणाच्या खऱ्या गाडीचा घालू नये.

डेकल पेपरवर (पाण्यात भिजवून छापील थर मॉडेलवर सरकवायचा कागद) लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, तिला आधी क्लिअरचे दोन थर लागतात. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे गडद केबिनवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डेकल पेपरवर भोवतालचा रंग छापून कापावं लागतं. आपल्याकडच्या ट्रकवर एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, कपाळावर “श्री रेणुका यल्लम्मा प्रसन्न” किंवा “जोतिबाच्या नावानं चांगभलं”. हे सगळं १/२४ मध्ये छान उतरतं. फक्त अक्षराची उंची दोन मि.मी. च्या खाली आली की कन्नडचे ओत्तु (अक्षराखाली लिहायची जोडाक्षरं) आणि मराठीच्या मात्रा बुजतात. मागच्या फाळक्यावर “हॉर्न ओके प्लीज” लिहिताना गाडी कुठली, कधीची ते ठरवा. महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली.

उसाचा ट्रक करायचाय. ऊस कशाचा?

खराट्याच्या काडीचा. ऊस २५ ते ३५ मि.मी. जाड, म्हणजे १ ते १.५ मि.मी.; काडीचा मधला भाग नेमका तेवढा असतो. लांबी ९० ते १०० मि.मी. कापा. पेरं दाखवायला दर पाच-सहा मि.मी. वर तपकिरी पेन्सिलीची रेघ, मग पातळ जांभळट-हिरवा हात. सगळ्या काड्या एकाच रंगाच्या केल्या तर ते सरपण दिसतं. आत थर्माकोलचा ठोकळा भरला तर वरचे दोन थर आणि मागचं तोंड एवढ्याच काड्या लागतात. बांधायला दोरा मेण लावून ओढलेला, नाहीतर त्याचे तंतू मॉडेलमध्ये दोरखंडाएवढे दिसतात.

हौद्याच्या फळ्या १ मि.मी. च्या हव्यात, खऱ्या इंचभर फळीचं माप. आइस्क्रीमची काडी दोन मि.मी. जाड, म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ दोन इंच. तासल्याशिवाय लावू नका.

धूळ जागेप्रमाणे. चोर्ला घाट, जांबोटी, खानापूरकडची तांबडी; चिकोडी-अथणीकडची काळी. तिकडचीच माती घ्या, पण तव्यावर भाजून आणि मलमलीतून दोनदा गाळून. भाजली नाही तर महिन्याभरात बुरशी येते. गाळली नाही तर ०.१ मि.मी. चा कणसुद्धा १/२४ मध्ये २.४ मि.मी. चा खडा होतो. कोरड्या ब्रशने लावून वर मॅट क्लिअर लांबून मारा. जवळून मारला तर धूळ भिजून नाहीशी होते. चाकांच्या मागे, फाळक्यावर आणि टाकीच्या वर दाट. दरवाजाच्या हँडलभोवती नाही, तिथे क्लीनरचा हात सतत लागतो.

डायकास्ट गाडी खोलायची कशी?

खालचे रिव्हेट ३ मि.मी. च्या ड्रिलने फक्त डोकं उडेपर्यंत काढा. मग १.६ चं भोक पाडून एम२ चा टॅप फिरवला की स्क्रूने परत बंद करता येते. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल लावून. जस्ताच्या मिश्रधातूत तो पटकन तुटतो. रंग काढायला पेंट रिमूव्हर वापरा. कॉस्टिक सोड्यात भिजत घातली तर जस्तच खाल्लं जातं.

देशी प्लास्टिक खेळण्यांतही चांगला माल मिळतो. स्केल लिहिलेलं नसेल तर व्हीलबेस मोजा: खेळण्यातल्या अँबेसडरचा ६८ मि.मी. भरला तर २४६४ भागिले ६८, म्हणजे १/३६. मॉडेल सिमेंटचा थेंब आतून लावून पाहा. विरघळलं नाही तर ते पॉलिस्टायरीन नाही, अराल्डाइट वापरा.

हेडलाइट पेटवता येतात का?

येतात. जुन्या ट्रकचा, जीपचा गोल दिवा सात इंचांचा, १/२४ मध्ये ७.४ मि.मी.; मागे ३ मि.मी. चा एलईडी आरामात बसतो. ९ व्होल्ट बॅटरीवर प्रत्येक पांढऱ्या एलईडीला ६८० ओहमचा रेझिस्टर. बॉडी आतून आधी काळी रंगवा, नाहीतर मडगार्डच उजळून निघतं.

स्प्रेचे डबे परदेशातून मागवता येतात का?

नाही म्हणूनच धरा. एरोसोल आणि ज्वलनशील सिमेंट विमानाने साध्या पार्सलात जात नाही. किट बाहेरून, रंग आणि सिमेंट देशातून. किटवर कस्टम ड्युटी लागते, ती किमतीत आधीच धरा.

तयार मॉडेलची चाकं रिमला चिकटून रिम वितळली. का?

टायर मऊ व्हिनाइलचा असतो. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य पॉलिस्टायरीनमध्ये शिरून त्याला वितळवतं, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात ते लवकर होतं. बसवण्याआधी रिमच्या कडेला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा किंवा फेविकॉलचा थर द्या. मॉडेल काचेवर कायम उभं राहणार असेल तर चेसिसखाली दोन ठोकळे देऊन चाकं केसभर उचललेली ठेवा, आणि शोकेसमध्ये सिलिका जेलची पुडी. तिच्यातले निळे दाणे ओलावा शोषून गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे करून घ्यायचे. ती कढई मग स्वयंपाकाला वापरू नये.